नागपूर, व्हाया स्कारबरो

…नाही, पण मला एक सांगा, सख्ख्या भावाशी चार शब्द बोलायला कुणी कॅनडाला जातं का हो? मी गेलो! बोटांचे ठसे देऊन, व्हिसा काढून, विमानात गुडघे पोटाशी घेऊन गेलो! आणि हे सुचलं कुणाला? आमच्या हिला, शीलाला. "अहो, कोमल जाऊन दोन वर्षं होतील. विशालभाऊजी तिकडे नागपूरला एकटे. कुणाशी बोलत नाहीत, तुम्ही थोरले ना? घेऊन जा कुठेतरी लांब. माझ्या भाच्याचं, अनिशचं बेसमेंट रिकामं आहे स्कारबरोला. दोघंच जा! फक्त दोघंच!"

आता विशाल माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. त्याला सायकल मी शिकवली, त्याचं नाक मी पुसलं, पण तो मोठा झाला तेव्हा मी नोकरीला नाशिकला! त्यामुळे मोठ्या विशालची नि माझी ओळखच राहून गेली. फोन करतो हो मी, दर रविवारी करतो. "जेवला का?" "जेवलो." "बरं." "ठेवू?" "ठेव." झालं! त्याची बायको, कोमल, गेली तेव्हासुद्धा त्याच्याभोवती माणसं इतकी, की मी आपला मंडपात खुर्च्या मांडत राहिलो… मनातून मात्र सारखं वाटत होतं, याच्या शेजारी जाऊन बसावं.

तर गेलो. दोघंच! अनिश आणि त्याची बायको सकाळीच कामावर, खाली बेसमेंटमध्ये आम्ही. मी विशालकडे बघतोय, विशाल टोस्टरकडे. मी धीर केला, घसा खाकरला, आणि तुम्हाला सांगतो, तोंडातून काय निघावं? "जेवला का?" अहो, समोर बसून! माझ्याच हातची खिचडी खाऊन, ताट विसळून आला होता तो! म्हणाला, "जेवलो." आणि मी म्हटलं, "बरं." आता काय, ठेवू म्हणू का?

मग म्हटलं नायगारा, तिथे माणूस मोकळा होतो. बोटीत ते प्लास्टिकचे रेनकोट घालून दोघंही अगदी भिजलेल्या कोंबड्या! मी सगळं बळ एकवटून ओरडलो, "विशाल, कसा आहेस रे?" आणि तुम्हाला सांगतो, तो बोलला! ओठ हलले, चांगले मिनिटभर हलले… आणि वरून ते एवढं पाणी कोसळतंय! मी ओरडलो, "काय?" तो ओरडला, "काही नाही!" दोन वर्षांत पहिल्यांदा बोलला हो माझा भाऊ, आणि ते सगळं धबधब्यात गेलं!

परत आलो, ग्रोसरीला गेलो, तर मागून आवाज, "अगं, मेथी बघ किती महाग!" झालं! परदेशात मराठी कानावर पडलं की आपले पाय पुढे जातात का? मी वळून म्हटलं, "मराठी का? आम्ही नागपूरचे, जय भीम!" "जय भीम! नागपूर? अय्या, माझं माहेर कामठी!" या इंदुमतीताई. "रविवारी आमच्या असोसिएशनची बुद्ध पौर्णिमा आहे, खीर आहे, यायचंच!" विशाल हळूच म्हणतो, "दादा, दोघंच ना?" म्हटलं, अरे, खीर खाऊन येऊ.

हॉलमध्ये खीर वाढता वाढता ताईंनी सरळ विचारलं, "मिसेसना नाही आणलं?" म्हटलं, आता हा उठून जाणार. तर हा म्हणतो, "ती गेली, ताई." ताई पळी ठेवून शेजारी बसल्या. "काय सांगता! मग स्वयंपाकाचं कसं?" आणि माझा भाऊ बोलायला लागला हो! "भात रोज उरतो, ताई. हाताला दोघांचाच अंदाज बसलाय, एकट्याचा जमत नाही. टाकवत नाही, मग सकाळी फोडणी देऊन तोच डब्यात नेतो… दादा फोन करतो, जेवला का विचारतो. मी जेवलो म्हणतो. उरलेल्या भाताचं त्याला काय सांगू?"

मी कुठे होतो? दोन खुर्च्या सोडून, वाटी हातात! ताईंची नात मोठ्यानं विचारते, "आजी, व्हाय इज दॅट अंकल क्रायिंग?" ताई म्हणाल्या, "खीर गरम आहे, बेटा." तो अंकल विशाल नव्हता.

शेवटच्या दिवशी सरोवराच्या काठी बाकावर बसलो. दोघंच! आजूबाजूला चिटपाखरू नाही. म्हटलं, आज विचारायचंच. "विशाल, तो भात…" आणि मागून, "अहो, मराठी का? आमचा एक फोटो काढता?" मी ताडकन म्हणालो, "नहीं नहीं, हम मराठी नहीं है!" आणि विशाल? तो उठून उभा! "हो हो, मराठीच! नागपूरचे! या, बसा ना!" चेहरा असा खुलला, की सुटला बिचारा. बाकावर जागा करून दिली त्यांना, आणि माझ्याकडे बोट दाखवून सांगतो, "हा माझा दादा. यानं मला सायकल शिकवली." मला नाही हो कधी सांगितलं, की लक्षात आहे म्हणून!

परवा रविवारी फोन केला. म्हटलं, होऊ दे एकदाचं. "विशाल, भात उरला का रे?" त्याचा श्वाससुद्धा स्वच्छ ऐकू येत होता. मग म्हणाला, "दादा, आवाज नीट येत नाहीये. ठेवू?" ठेव म्हटलं. काय करणार!

आणि लगेच स्कारबरोला लावला. म्हटलं, "इंदुमतीताई, एक काम होतं. जरा नागपूरला माझ्या भावाला फोन करता का? आणि तो कसा आहे, ते मला कळवता का?"