सासूबाईंनी भरलेलं चाक

माझ्या सासूबाईंना कुणी अडाणी म्हटलं ना, की मी हे सांगतेच. मे महिन्यात आम्ही सहा जणी नारायणगावहून सायकली घेऊन डोंगराकडं निघालो होतो. पिंपरी पेंढारला, नेमकं आमच्याच शेताजवळ, चाकात बाभळीचा काटा घुसला आणि माझी ट्यूब फाटली. जादाची ट्यूब आधीच वापरून झालेली.

मैत्रिणी म्हणाल्या, "तू आता जीपनं परत जा."

मी रडकुंडीला आले. तेवढ्यात गोठ्यातून सासूबाई आल्या. चाक दाबून बघत म्हणाल्या, "टायर तर धड हाय. आत पेंढा भरू."

"अहो आई, ही गिअरची सायकल आहे!"

"आसू दे की. वासरू मेलं की माझा बाप त्याच्या कातड्यात पेंढा ठासून गाईपुढं ठेवायचा. गाय फसायची आन् दूध द्यायची. मग रस्ता फसणार नाय व्हय?"

त्यांनी गाईपुढचाच पेंढा उचलला, ओला केला आणि टायरमध्ये गच्च ठासला.

रस्ता पार डोंगरमाथ्यापर्यंत फसला, राव!