मंगळवारचा बाप्तिस्मा

"...आणि आल्टामावशीच्या बाप्तिस्म्यापायी आता खाण बंद..." एवढंच ऐकू आलं बघा, आणि नेमकी डेसीच्या दुकानातल्या फ्रीजला घरघर सुटली, ती थांबेपर्यंत बोलणाऱ्या दोघी गाडीत बसून गेल्यासुद्धा, आता माणसानं करायचं काय? अर्धी बातमी म्हणजे घशात अडकलेला मक्याचा पाव, ना आत ना बाहेर. मला काय करायचंय म्हणा. पण माझा नवरा हॉबर्ट त्याच खाणीत, जमिनीखाली, एकोणीस वर्षं. आणि बाप्तिस्म्याला मंगळवार सुचवला कोणी? मी.

तुम्हाला सांगते, वेस्ट व्हर्जिनियात डोंगर तेवढे ओढे, पण आमचा ओढा नारिंगी. कोळशाच्या खाणीतलं लोखंडाच्या गंजानं तांबडं झालेलं पाणी उपसायचं, तळ्यात चुना घालून गाळ खाली बसू द्यायचा, मगच ओढ्यात सोडायचं, असा सरकारी नियम. पण चुन्याचं यंत्र कायम नादुरुस्त, मग गाळ येऊन बसतो आमच्या दगडांवर. आमचे पाद्री, ब्रदर इनॉस, माणसाला पांढऱ्या झग्यात बुडवतात आणि बाहेर काढतात गाजर. म्हणून तर मी स्वतः बावीस वर्षं सांगत आलेय, ब्रदर, एखाद्या रविवारी ओढा नितळ वाहू दे, त्याच दिवशी उतरते. खरं म्हणजे मला गार पाण्याची धास्ती... पण ते कशाला सांगा.

आता आल्टामावशी. वय एक्क्याऐंशी, जन्मभर नको-नको म्हणून यंदा मार्चमध्ये एकदाची तयार झाली, तीही आपल्या आईच्या झग्यात, आणि रडकुंडीला येऊन म्हणते, "झगा नारिंगी झाला तर वर गेल्यावर आईला तोंड कसं दाखवू गं?" माझी खिडकी ओढ्यावर. मला काय करायचंय म्हणा, पण खिडकी आहे तर माणूस बघणारच, आणि मी बघून ठेवलेलं, महिन्याच्या पहिल्या मंगळवारी पाणी काचेसारखं. ब्रदरना म्हटलं, देवाला सगळे वार सारखे, मंगळवार घ्या.

घेतला. सगळं गाव ओढ्यावर, घेवड्याची पातेली, गाणी, मावशी बुडून वर आली तर झगा दुधासारखा पांढरा, आणि वरच्या अंगाला कोण उभा? सरकारी तपासनीस, पाण्याचे नमुने भरायला बाटल्या घेऊन. सभ्य माणूस, टोपी काढली त्यानं, आणि सहज विचारलं, "मंगळवारी कसा काय बाप्तिस्मा?"

मावशी नुकती पापातून धुऊन निघालेली, खोटं बोलायची सोयच राहिली नाही हो. म्हणाली, "बाळा, तू पहिल्या मंगळवारी येतोस ना, म्हणून त्या दिवशी ते घाण पाणी अडवून धरतात. बाकीचे वार बघायचेत? ते बघ, चर्चच्या दोरीवर वाळतायत."

दोरीवर अकरा झगे, अकराही नारिंगी. तपासनिसानं मोजले, लिहून घेतले. कुणाचा चमचा हलेना. हॉबर्ट आपला बुटांकडे बघतोय.

त्यानंतर आठ दिवसांनी ही दुकानातली बातमी. मी पळतच घरी. हॉबर्ट बूट काढत होता.

"खाण बंद झाली?"

"कोण म्हणालं?"

"अर्धं बाया म्हणाल्या, अर्धं फ्रीज."

तो असा हसला की बूट हातातून पडला. "खाण चालू आहे बाई. बंद झालाय पाइप. चुन्याचं यंत्र नीट होईपर्यंत ओढ्यात थेंब सोडायचा नाही, आणि तो बाटलीवाला आता न सांगता येणार, वाटेल त्या वारी. मला यंत्रावर घातलंय. वर, उजेडात."

मी त्याच आनंदात दुप्पट पाव भाजला, एक आख्खा मावशीकडे पाठवला, खिडकीत उभी राहिले, तर ओढ्याच्या तळाचे दगड मोजून घ्यावेत इतकं पाणी नितळ. आणि दार वाजलं. ब्रदर इनॉस, मागे मावशी, तिच्या हातात इस्त्री केलेला झगा. माझ्या मापाचा.

"रविवारी दहा वाजता," ब्रदर म्हणाले.

"बावीस वर्षं वाट बघितली गं बिचारीनं," मावशी म्हणाली.

डोंगरावर अजून बर्फ आहे हो. मी तपासनिसाला गाठून विचारलं, पाण्यात लोखंड किती असावं याचा तुमचा नियम आहे, तसा पाणी गरम किती असावं याचा नाही का? आहे म्हणाला. जास्त गरम होऊ द्यायचं नाही, असा.

मला काय करायचंय म्हणा. जाड टॉवेल तेवढे दोन काढून ठेवलेत.