झग्याची डावी बाजू

पोर्तुगालमधल्या कोइंब्राच्या बसथांब्यावर गोरेतीबाईंच्या मागे एक म्हातारा शिंपी आणि विद्यापीठाचा काळा झगा घातलेली त्याची मुलगी हुज्जत घालत होती.

“बाबा, फाडा ना! उजवीकडे मैत्रिणींनी अकरा ठिकाणी फाडलाय. रीतीप्रमाणे डावी बाजू घरच्यांनी फाडायची. ती तशीच घेऊन पदवीच्या मिरवणुकीत जाऊ?”

“चाळीस वर्षं कापड शिवतोय, बेनेदिता. फाडायला हात धजत नाही. त्यात हा मी शिवलेला.”

“म्हणून तर! आई असती तर दातांनी फाडला असता.”

“तिचं काय जातं? तिला कुठे शिवता येत होतं!”

“फाडल्याशिवाय बसमध्ये चढू देणार नाही.”

“अगं, गावाला जाणारी शेवटची बस ही!”

“जाऊ दे. माझ्या खोलीवर झोपा.”

“हट्ट अगदी आईचा उचललास.”

बस आली. गोरेतीबाई पायरीवर एक पाय ठेवून पर्समध्ये सुटे पैसे शोधत राहिल्या.

“बाबा, आता तरी!”

“धर घट्ट. तिथे नाही, शिवणीपासून लांब.”

टर्रकन आवाज झाला.

“एवढी मोठी चीर?”

“दोघांची आहे. आणि ऐक, मी कितीही मागितला, तरी मला हा झगा शिवायला देऊ नकोस.”