पहिली दाढ

हसू नका, पण माझ्या दवाखान्यात पहिलं तोंड उघडलं ते माझंच!

आमच्या गावच्या शुक्रवार पेठेत पाटी लावून महिना झाला, तरी लोक दात उपटायला न्हाव्याकडंच जात. शेवटी एक पेशंट आला. वळसंगचा म्हातारा धनगर, गाल सुजलेला.

“बसा, तोंड उघडा.”

“आदी तुमी उगडा की. मेंढरू घेताना आमी दात बगूनच घेतो.”

महिन्यात एकच माणूस आलेला! मी निमूट तोंड उघडलं. म्हातारा आत डोकावला.

“तुमचीच दाढ किडलीया की!” म्हणाला आणि तसाच निघून गेला.

मी तडक पुण्याला मित्राकडं जाऊन दाढ काढून आलो. चार दिवसांनी म्हातारा पुन्हा हजर. माझं तोंड तपासून म्हणाला, “दुकलं का?”

“लई!”

म्हातारा खुर्चीत टेकला. “मग आता तुला कळलंया. काढ माजी.”