मास्तरांच्या दारातली पायताणं

नाव सयाजी जोतिबा माने, वय वर्षे चव्वेचाळीस, धंदा शेती, पूर्वी मराठा पलटणीत हवालदार, राहणार मौजे बोरमाळ, तालुका कराड, जिल्हा सातारा. आज तारीख ७ फेब्रुवारी १९४८ रोजी उंब्रजच्या ठाण्यात समक्ष हजर राहून, जमादार लालासाहेब यांनी विचारल्यावरून जबाब लिहून देतो की :

मी वरील गावी पत्नी शालूबाई व मुलगा मानसिंग, वय अठरा, यांच्यासह राहतो. आमच्या घरासमोर शाळेचे मास्तर नरहर डबीर हे पत्नी आणि अंथरुणाला खिळलेली आई यांच्यासह राहत होते. राहत होते असेच लिहावे, कारण आता तिथे चार भिंती आहेत, घर नाही.

मी लढाईत मिसर व इटली इथे होतो. माझे खुशालीचे पत्र घरी आले की मास्तर ते शालूबाईला वाचून दाखवत. मानसिंगला वाचायला त्यांनीच शिकवले. मी तिकडे असतानाच बेचाळीसची चळवळ झाली. गावातल्या मोठ्या पोरांनी तारा तोडल्या, चावडी पेटवली, त्यांना पुढे हार पडले. मानसिंग तेव्हा लहान. पोरे त्याला म्हणत, "तुजा बा गोऱ्याच्या ताटातलं खातुया." मी परत आलो तेव्हा माझी पदके बघायला सगळा गाव आला, हा आला नाही. चावडी जळाली तेव्हा आपण लहान होतो याची त्याला फार रुखरुख होती. जमादार म्हणतात, याचा गुन्ह्याशी संबंध नाही. माझ्या मते आहे. ठेवायचे नसेल तर खोडावे.

गावात पेपर सर्व्हिस मोटारीने येतो. मानसिंग तो रोज पारावर मोठ्याने वाचतो. वाचता वाचता दोन शब्द पदरचे घालतो, आणि लोकांना तेच जास्त आवडतात. पांढऱ्यावर काळं झालं की ते खरं, अशी आमच्याकडे समजूत आहे. मला पेपरचा कंटाळा येतो. लढाईत आम्ही जिथे मार खाल्ला, तिथे पेपरात आमची सरशी झालेली मी वाचली आहे. हे मी पारावर एकदा बोललो, तर पोरांनी मला वेड्यात काढले.

शुक्रवारी, तारीख तीसला, दुपारी मास्तरांच्या पत्नीने संक्रांतीचे हळदीकुंकू केले. आमच्याकडे ते रथसप्तमीपर्यंत कधीही करतात. शालूबाई गेली होती. तिने पदरात बांधून आणलेला तिळगूळ मानसिंगने माझ्यासमोर खाल्ला व आणखी मागितला. दिवस मावळायच्या सुमारास मदनशेठच्या दुकानातल्या रेडिओवर गांधीजींच्या खुनाची बातमी आली. मदनशेठ मूळचे सांगलीकडचे, गावात रेडिओ त्यांचाच. त्या रात्री बहुतेक घरी चूल पेटली नाही. मास्तर पारावर येऊन खाली मातीत बसले व रडले. मानसिंगने त्यांना तांब्याभर पाणी आणून दिले. हे मी स्वतः पाहिले आहे.

रविवारी मानसिंगने पेपरातून वाचले की मारणारा अमक्या जातीचा, म्हणजे मास्तरांच्याच जातीचा, असून कुठल्याशा शहरात त्या लोकांनी बातमी ऐकून साखर वाटली. शहर कोणते ते मला आठवत नाही, ऐकणाऱ्यांनाही आठवणार नाही. त्यानंतर थोड्या वेळाने एक ट्रक आला. त्यात परगावची माणसे व एक भोंगा होता. भोंग्यावर बोलणारा चांगला बोलत होता. त्याने विचारले, तुमच्या गावात कुणी साखर वाटली का. मग अर्जुना, मानसिंगचा जोडीदार, म्हणाला, "मास्तरनीनं शुक्रवारी तिळगूळ वाटला." तो वाईट मनाने म्हणाला नाही. विचारले म्हणून सांगितले.

मी पुढे होऊन म्हणालो, "आवं, त्यो हळदीकुकवाचा तिळगूळ. बातमीच्या आदी वाटलाय. माज्या घरात आला, ह्या पोरानंच खाल्ला." असे म्हणून मी मानसिंगकडे बोट केले. भोंगेवाल्याने मी कोण ते विचारले. कुणीतरी म्हणाले, "पलटणीतलं हाय." तो म्हणाला, मग बरोबर आहे. लोक हसले. मानसिंग हसला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आबा, तुमी घरला जावा."

मी गेलो. माझ्या ओट्यावर उभा राहिलो. तिथून मास्तरांचे दार सरळ दिसते. ट्रकवाले तसेच आत घुसले. आमच्या गावची चार पोरे, मानसिंग व अर्जुना धरून, पायरीशी थांबली, पायताणे काढली, ओळीने ठेवली आणि मग आत गेली. लहानपणापासून ती त्या घरात तशीच जात आली आहेत. मास्तर व त्यांची पत्नी अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर आली. म्हातारीला मानसिंगने पाठीवर घेऊन आणले. ती म्हणत होती, "मानसिंगा, कुठं नेतोस रे मला?" तो म्हणाला, "सावलीला, आजी." माझ्या अंगणातल्या शेवग्याखाली त्याने तिला निजवले, स्वतःचा टॉवेल घडी करून उशाला दिला, आणि ट्रकमधला रॉकेलचा डबा उचलून परत आत गेला.

सोप्यात जळणाचे पाचट होते. ते एकदम भडकले, म्हणून सगळे परसदाराने निघाले. ट्रक गेला. लगेच उंब्रजहून पोलीस आले व मास्तरांच्या दारात पहारा बसला.

दिवेलागणीला मानसिंग घरी आला. मी म्हणालो, "पायतान कुठाय रं तुजं?" त्याने पायाकडे पाहिले. तोवर त्याच्या लक्षात नव्हते.

"ऱ्हायलं. मास्तरांच्या दारात."

"जाळायचंच हुतं, मंग काडलं कशाला?"

तो म्हणाला, "घालून कसं जायाचं, आबा? आत द्येव हाईत."

मी त्याला मारले नाही. मारण्याइतका राग मला यायला हवा होता, तो आला नाही. नुसता थकवा आला. मास्तर कुटुंबासह दुसऱ्या दिवशी सांगलीला नातलगांकडे गेले. जाताना त्यांनी मला नमस्कार केला. तो मला घेववला नाही.

पुढे पाटील आकाराम यांनी गावाची बैठक बसवली. जाळले ते ट्रकवाल्यांनी, आमचा कुणी नव्हता, असे सर्वांनी सांगायचे ठरले. आज ठाण्याच्या दारातही ते मला म्हणाले, "सयाजी, वळकत न्हाई म्हन. पोरगं सुटतंय तुजं." शालूबाईने सकाळी दोघांची भाकरी बांधून दिली.

मला पंचनाम्यातली चार जोड पायताणे दाखवण्यात आली. पैकी अंगठ्याजवळ लाल गोंडा असलेला जोड मी ओळखतो. तो मानसिंगचा आहे. माझे व त्याचे पाऊल सारखे, म्हणून दिवाळीला कराडच्या बाजारातून एकाच चांभाराकडून दोन सारखे जोड घेतले होते. दुसरा आत्ता माझ्या पायात आहे. जमादारांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. बाकीचे तीन जोड कुणाचे ते ज्यांच्या त्यांच्या बापांनी सांगावे.

ट्रकवरचा माणूस कोण, मला ठाऊक नाही. भोंगा कुणाचा, तेही नाही. पेपर कुठला ते सांगता येईल, पण त्याला इथे कुणी आणील असे वाटत नाही. ट्रकवाल्यांपैकी कुणाचे पायताण दारात राहिलेले नाही, कारण ते घालूनच आत गेले. म्हणून सापडतील ती आमचीच पोरे. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. मास्तरांचे घर जळाले आहे, आणि डबा माझ्या पोराच्या हातात होता. तो बाहेर बाकावर बसला आहे. पळून गेलेला नाही. मी चल म्हणालो, तो आला.

जमादार म्हणतात, त्याचा जोड मुद्देमालात जमा राहील, मिळणार नाही. त्याला साताऱ्याला नेणार असेही समजले. म्हणून माझ्या पायातला जोड मी इथे काढून ठेवून जात आहे. तो मानसिंगला द्यावा. त्याला होईल.

वरील मजकूर जमादारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तेच त्यात आहे, पदरचे कुणी काही घातलेले नाही. खाली सही करतो.

सयाजी जोतिबा माने