मोजायला काम उरलंच नाही

…आणि वर डॉक्टर मलाच विचारतात, "सत्यवतीबाई, चेहरा का उतरलाय?" उतरणार नाही तर काय! तुम्हाला सांगते, मी काही कुणावर जळणारी बाई नव्हे. पण प्रेमलताला नवी नर्स मिळावी, आणि मला नको?

आमचं वेंगुर्ल्याचं हॉस्पिटल. मुलांचे दोन वॉर्ड, मध्ये व्हरांडा. अलीकडच्या वॉर्डाची नर्स मी, पलीकडची प्रेमलता. खाटा सारख्या, रडणारी पोरं सारखी, पण बऱ्या झालेल्या पोरांच्या आया तिला आणतात काजूगर आणि मला फणसाच्या आठळ्या! असो. मी काही जळणारी बाई नव्हे.

तर मुंबईहून साहेब येणार होते. कशाला? तर कुठल्या वॉर्डात नर्सला किती काम पडतं, ते बसून मोजायला! जिथं जास्त, तिथं आणखी एक नर्स. मी म्हटलं, देव पावला! आता मला सांगा, मोठा माणूस येणार म्हटल्यावर आपण घर आवरतो की पसरून ठेवतो? मी उजाडायच्या आत कामाला लागले… अंगं पुसली, दुपटी बदलली, ताप बघितले, औषधं पाजली, चादरी अशा ताणल्या की माशी घसरावी! एका पोराची आई म्हणते, "बाय गो, इतक्या सकाळी पोराक कित्याक नटवतस? लगीन आसा काय त्याचा?" म्हटलं, "गप गो, साहेब येतत!"

आले साहेब. हातात घड्याळ. बसले. पोरं गाढ झोपलेली, मी हात बांधून उभी. साहेब माझ्याकडे बघतायत, मी साहेबांकडे… शेवटी उठले, म्हणाले, "वा! आदर्श वॉर्ड!" मी लाजून चूर! आणि ते गेले पलीकडे.

पलीकडे काय, सगळा गोंधळ! एक पोर ओकतंय, दुसरं खाटेखाली शिरलंय, तिसऱ्याची आई ओरडतेय, "माझ्या झिलाचा औषध खंय आसा?" आणि प्रेमलता… केससुद्धा विंचरलेले नाहीत हो! तिनं एक तान्हं सरळ साहेबांच्या मांडीवर ठेवलं, "जरा धरा हां, मी आलेच!" झालं! पोरानं साहेबांची पँट भिजवली. साहेब घाम पुसत बाहेर, "बापरे! या बाईंना मदत हवीच!"

बघा! तिला ओली पँट पावली, आणि माझ्या ताणलेल्या चादरी? तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. ती नवी नर्स तरुण असेल, चुणचुणीत असेल, आणि ही खुर्चीत बसून तिला फर्मावील, "गो, जरा पाणी हाड!"… पण मी जळणारी बाई नव्हे!

म्हणून आज डॉक्टरांनी चेहऱ्याचं काढलं, तशी मी विचारूनच टाकलं, "कधी येणार हो तिची नवी नर्स?"

डॉक्टर आपले खाली बघतात. म्हणतात, "बाई, नवी माणसं आणायची कुठून? जिथं काम कमी, तिथलीच बाई दुपारनंतर तिकडे द्यायची ठरलंय."

म्हणजे इतके दिवस मी जिच्यापायी जळत होते ना, ती नवी नर्स… मीच हो! सोडा आता मला, प्रेमलताबाई वाट बघत असतील.