बाविसाव्या भागाची ओळ

जबाब देणारी स्त्री, वय ४४ वर्षे, व्यवसाय दूरचित्रवाणी मालिकांसाठी पडद्यावरील अक्षरे तयार करणे, राहणार संकलन स्टुडिओच्या मागील इमारत, दुसरा मजला, सोबत आई. राहून गेलेले अनुस्वार शोधत असल्याने कामाच्या ठिकाणी टिंबताई या नावाने परिचित.

मी स्वतः ठाण्यात येऊन, कोणाच्याही दबावाशिवाय सांगते की, वरील काम मी अकरा वर्षे करीत आहे. सध्या माझ्याकडे एक रहस्य मालिका आहे. स्थळ, वेळ, पात्रांची ओळख ही अक्षरे मी टाकते. मालिकेच्या नावाखाली एक ओळ येते व ती दर भागाला बदलते. ती ओळ लेखिकाबाई संहितेच्या पहिल्या पानावर, समासात, पेन्सिलीने लिहितात. शेजारी सेकंद, अक्षरांचा आकार अशा खुणा असतात. बाईंची व माझी नऊ वर्षांची ओळख आहे. दुपारचा डबा त्या माझ्या टेबलाशी बसून खात.

मालिकेत एका औषध दुकानदाराची बायको हळूहळू आजारी पडून मरते. संशय नवऱ्यावर जाणार, हे बाईंनी मला सुरुवातीलाच सांगितले होते. बाईंच्या मोठ्या भावाचे औषधांचे दुकान आहे. त्यांची पत्नी, म्हणजे बाईंची वहिनी, गेल्या वर्षी पोटाच्या दुखण्याने वारली. याविषयी मी एकदाच विचारले. बाई म्हणाल्या, "वहिनीनं शेवटच्या आठवड्यात मला बरंच काही सांगितलं. पुरावा काही नाही गं माझ्याकडे. म्हणून गोष्ट लिहितेय."

दोन महिन्यांपूर्वी घसरून पडल्याने बाईंचा पाय मोडला. भाऊ त्यांना आपल्या घरी घेऊन गेले. तेव्हापासून दर सोमवारी अकराच्या सुमारास ते स्वतः संहितेचे पाकीट घेऊन येत. बोलायला अतिशय सभ्य. माझ्या आईच्या गुडघ्यांसाठी त्यांनी मलम आणून दिले होते. अठराव्या भागापासून गोष्टीतला संशय नवऱ्यावरून शेजारणीवर गेला. संवाद जागोजागी खोडलेले असत. समासाला मात्र हात लावलेला नसे. "तो तुमचा कारभार, त्यातलं मला काही कळत नाही," असे ते एकदा म्हणाले. त्यांच्या घरी टीव्ही नाही.

एकोणिसाव्या भागाची ओळ अशी होती: "जिन्यावरचं दार बाहेरून बंद होतं." त्या भागात जिनाच नव्हता. मी दिग्दर्शकांना दाखवले. ते म्हणाले, "रहस्य आहे ना, लोकांना जरा डोकं खाजवू दे. तू टाक." मी टाकली. पांढरी अक्षरे, मध्यभागी, चार सेकंद. विसाव्या भागाची ओळ, "गोळ्या दोनच्या चार झाल्या." त्या भागात कोणी गोळ्या घेत नाही. एकविसाव्याची, "मैदानावरच्या मुली वर बघत नाहीत." प्रेक्षकांना या ओळी फार आवडल्या. निर्मात्यांनी सर्वांना पेढ्यांऐवजी सुट्टी द्यायचे कबूल केले.

विसाव्या व एकविसाव्या भागानंतर मी बाईंना फोन केला. दोन्ही वेळा भावाने उचलला. "झोपलीय ती. मला सांगा, मी निरोप देतो," असे ते म्हणाले.

बाविसाव्या भागाची ओळ शाईच्या पेनाने लिहिलेली होती: "आता सगळं शांत आहे." अक्षर बाईंचे नव्हते. ती ओळही मी टाकली. भाग शुक्रवारी प्रसारित झाला.

शनिवारी दुपारी साडेतीन वाजता मी भावाच्या घरी गेले. घर मुलींच्या शाळेच्या मैदानाला लागून आहे. वरच्या खिडकीला आतून वर्तमानपत्र चिकटवलेले दिसले. भावाने मला बसवले, चहा केला. म्हणाले, "कालच हवापालटाला गेली. बरी आहे आता, चालायला लागली." बाईंच्या दोन्ही कुबड्या दारामागे होत्या. चहा मी प्यायले नाही. तेथून थेट ठाण्यात आले.

पाच वाजता पोलिसांसोबत परत गेले. जिन्यावरच्या दाराला बाहेरून कुलूप होते. आत बाई पलंगावर होत्या. श्वास चालू होता. मी हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही. खोलीत कोरे कागद होते. पेन्सिल नव्हती. आज सकाळी रुग्णालयात त्यांनी डोळे उघडले. मला ओळखले नाही.

ओळींची गोष्ट भावाला कशी कळली, असे साहेबांनी विचारले असता मला माहीत नाही असे मी सांगितले.

एवढा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर शेवटचे वाक्य खोडून पुढील मजकूर घालावा, असे मी सांगितले: एकविसाव्या भागानंतरच्या फोनवर मी भावाला म्हणाले, "मैदानाच्या ओळीचा अर्थ बाईंना विचारून सांगाल का?" ते म्हणाले, "कुठली ओळ?" तोवर मला शंका येत होती व ती खोटी ठरावी असे वाटत होते. मी तिन्ही ओळी त्यांना वाचून दाखवल्या. सावकाश वाचल्या, कारण ते लिहून घेत होते. झाल्यावर त्यांनी माझे आभार मानले.

या दुरुस्तीसह जबाब पुन्हा ऐकला. मी सांगितला तसाच आहे.